पात्र चुकतं तेव्हा: एकनाथ, मीरा आणि तुकाराम

मंडळी, पात्रनिवडीच्या चुकीचा विषय निघाला की 'माय फेअर लेडी' आठवतोच. रंगभूमीवर ज्युली अँड्र्यूजनं गाजवलेली फुलवाली १९६४ च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्नला दिली गेली, आणि तिची बहुतेक गाणी गायली मार्नी निक्सननं. उत्तरार्धातली डौलदार बाई ऑड्रीला शोभली. रस्त्यावरची फुलवाली अनेकांना पटली नाही. गंमत सगळी त्या दोघींमधल्या अंतरात होती, तेच आखडलं. आज वसईत बसून आपण याचं घरचं उदाहरण पाहू: बालगंधर्व.

१९३५ चा सुमार. बोलपट नाटकांचा प्रेक्षक ओढून नेत होता, गंधर्व नाटक मंडळी कर्जात होती. नारायणराव राजहंसांनी प्रभातशी करार केला आणि व्ही. शांताराम यांनी 'धर्मात्मा'मध्ये त्यांना संत एकनाथ केलं. (चित्रपटाचं मूळ नाव 'महात्मा', सेन्सॉरनं ते बदलायला लावलं. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

नाट्यशास्त्रात पात्रयोजनेचे तीन प्रकार आहेत. पुरुषानं पुरुष आणि स्त्रीनं स्त्री होणं ती अनुरूपा. पोरानं म्हातारा किंवा म्हाताऱ्यानं पोर होणं ती विरूपा. पुरुषानं स्त्री होणं ती रूपानुरूपिणी. या हिशेबानं बालगंधर्वांचे एकनाथ म्हणजे शुद्ध अनुरूपा! तरी ते लोकांना रुचले नाहीत. का? 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू ज्यांनी डोळे भरून पाहिली, त्यांना तोच चेहरा पुरुषवेषात परका वाटला. आमचं मत असं की इथे शास्त्र अपुरं पडतं. ते नटाचं रूप मोजतं, प्रेक्षकाची आठवण मोजत नाही.

प्रभातशी संबंध एका चित्रपटातच संपला. मग १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्री झाले. 'अमृतसिद्धी' नाटकाचंच ते चित्रण. पण वय एकोणपन्नास, कॅमेरा जवळ, आणि त्याच वर्षी 'कुंकू'त शांता आपटे पडद्यावर खरीखुरी बाई म्हणून भांडत होती. रंगमंचावरचं अंतर गेलं, भ्रमही गेला. तोही चित्रपट चालला नाही.

आता कुणी म्हणेल, स्त्रीपार्टी नट संत म्हणून शोभतच नाही. तसं म्हणावं तर विष्णुपंत पागनीस आडवे येतात. तेही स्त्रीभूमिका करणारे. दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) तेच तुकोबा झाले, चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक चालला आणि व्हेनिसला गौरवला गेला. पागनिसांच्या रुक्मिणी-सिंधूंची सावली महाराष्ट्राच्या मनावर नव्हती, हे एक कारण. दुसरं, आमच्या मते मोठं, कारण म्हणजे समोरची गौरी. प्रभातमध्ये किरकोळ कामं करणारी ही बाई जिजाई झाली. म्हशीशी मायेनं बोलणारी, पोर आजारी पडल्यावर पायातलं हातात घेऊन विठोबावर धावणारी! चित्रपटातलं हसू तिच्या रागातून येतं, आणि तिच्या त्या राकटपणासमोर पागनिसांचा मऊपणा बायकी वाटत नाही, भक्ती वाटतो. बालगंधर्वांच्या एकनाथांना अशी जिजाई मिळाली नाही. तुकोबा वैकुंठाला निघतात, तेव्हाही जिजाई संसार सोडून जायला तयार नसते. ते दृश्य पुन्हा पाहा, मग प्रश्न घेऊ.