बैलगाडी, टेंपो आणि मालमोटार

ओझें वाहण्यास लहान गाडी घ्यावी कीं मोठी, हा प्रश्न आज पिकअप आणि मध्यम ट्रक यांच्या रूपानें पुढें येतो. परंतु तो मोटारींहून जुना आहे. कोल्हापूरच्या उत्तरेस सुमारें 30 किलोमीटरांवर, वारणेच्या खोऱ्यांत, वारणानगर वसलें आहे. या खोऱ्यांत त्या प्रश्नाचें उत्तर वेळोवेळीं बदलत गेलें, आणि गाडीच्या ताकदीपेक्षां मालाच्या स्वभावानेंच तें ठरविलें.

पूर्वीं येथील ऊंस गांवाबाहेर फारसा जात नसे. फडाशेजारीं गुऱ्हाळ लागे, आणि दहा टन उसाचा सुमारें एक टन गूळ होई. उरलेलें नऊ टन ओझें वाफेंत आणि चुलाणाच्या धुरांत तेथेंच विरून जाई! गूळ टिकाऊ, चार दिवस उशीर झाला तरी बिघडत नसे. लोखंडी धांवेची बैलगाडी तेवढ्यास पुरे होती. 1891 मध्यें मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली, 1895 मध्यें शाहू महाराजांनीं शाहूपुरीची पेठ वसविली. गाडीवानानें तेथवर माल पोंचविला कीं पुढचें अंतर आगगाडीकडे.

1950 च्या दशकांत तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानें वारणेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि हा हिशेब उलटला. आतां खुद्द ऊंसच प्रवासाला निघाला. तोडलेला ऊंस वजनांत घटतो, त्यांतील साखरेचा उतारा कमी होऊं लागतो. म्हणून चोवीस तासांच्या आंत तो गव्हाणींत पडावा ही निकड. जवळच्या फडांतून टायरगाडी दीड-दोन टन ऊंस आणू शके. दूरच्या फडांना मालमोटारच हवी. सुदैवानें 1954 पासून जमशेदपुरास टाटांनीं जर्मनीच्या डेम्लर-बेंझच्या सहकार्यानें ट्रक बांधण्यास आरंभ केला होता.

आंकडे मांडून पाहा. एकरीं 40 टन ऊंस धरला, तर सहा टन वाहणाऱ्या मध्यम ट्रकच्या सात खेपा होतात. दीड टनाच्या पिकअपच्या 27. दर खेपेस कांट्यावरची रांग आणि चालकाचा रोज आहेच. येथें लहान गाडी घेणें म्हणजे स्वस्ताईच्या भरांत तोटा विकत घेणें होय. मात्र ट्रकचा गर्व पाणंदींत उतरतो. काळ्या मातीच्या त्या अरुंद वाटेवर अवकाळी पाऊस पडला कीं भरलेली मालमोटार आखापर्यंत रुतते, आणि तिला ओढावयास पुन्हां बैलच बोलवावे लागतात!

दुधाची गोष्ट निराळी. 1968 मध्यें वारणेचा दूधसंघ स्थापन झाला. दूध उसाहूनही नाजूक, पण तें एका जागीं ढिगानें मिळत नाहीं. गांवोगांव थोडें थोडें गोळा करावें लागतें. पिकअपमध्यें 40 लिटरांचे तीसेक कॅन बसतात. त्याच गल्ल्यांतून मोठा ट्रक फिरविला तर तो अर्धा रिकामाच हिंडेल. गोळा करण्यास लहान गाडी, शीतकरणानंतर मुंबईच्या वाटेस मोठा टँकर, अशी ही विभागणी आहे.

लहान गाडीचा इतिहासही मनोरंजक आहे. 1958 मध्यें बजाज टेंपो कंपनी निघाली. तिच्या तीन चाकी गाडीचें नांव मराठींत इतकें रुळलें कीं आपण कोणत्याही लहान मालगाडीस टेंपोच म्हणतों. 1986 मध्यें टाटांची 407 आली, 2005 मध्यें एस; लोकांनीं तिला ‘छोटा हाथी’ म्हटलें.

आज एखादा शेतकरी कर्ज काढून गाडी घेतो, तेव्हां घरचें स्वास्थ्य या निवडीवर टांगलेलें असतें. हंगाम सरला कीं ट्रक दारांत उभा राहतो, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाहीं. पिकअपला भाजी, खत, पशुखाद्य असें बारमाही काम मिळूं शकतें. शिवाय कायद्याची एक रेषा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानें भारासह 7500 किलोपर्यंतचें वाहन ‘हलकें’ ठरतें. नोव्हेंबर 2024 मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें असा निर्णय दिला कीं, हलक्या वाहनाचा परवाना असणारास या मर्यादेंतील मालवाहू गाडीही चालवितां येते. घरचाच मुलगा चालक असेल, तर गाडीच्या किंमतीआधीं तिच्या कागदावरील हें वजन वाचून घ्यावें.