पंडिता रमाबाई व चर्चचा अधिकार

पंडिता रमाबाई यांच्या चरित्रासंबंधानें मराठींत व इंग्रजींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांचें पांडित्य, शारदासदनाचा वाद व केडगांवचें मुक्तिसदन या गोष्टी वाचकांस परिचित आहेत. इ. स. १८८३ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या चर्चच्या त्या सभासद झाल्या त्या चर्चशींच त्यांचें जें भांडण जुंपलें, तेंहि अलीकडे बरेंच चर्चिलें गेलें आहे. तथापि त्या चर्चेंत एक दोष वारंवार आढळतो. भांडणाकडे पाहणारे लेखक बाईंच्या बंडखोर वृत्तीचें कौतुक करून थांबतात, व त्यांच्या भक्तीचें वर्णन करणारे चरित्रकार हें भांडण म्हणजे तारुण्यांतील क्षणिक भ्रम होता असें समजून तें दोन ओळींत उरकतात. माझ्या मतें या दोन गोष्टी वेगळ्या करतां येत नाहींत. बाईंची श्रद्धा पुढें ज्या संकटांतून टिकली, ती टिकण्याचें बळ तिला या भांडणांतच मिळालें.

या विषयाचें मुख्य साधन म्हणजे बाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार. वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या सिस्टर जेराल्डाइन यांनीं तो जपून ठेवून संकलित केला, व इ. स. १९७७ मध्यें महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें अ. भि. शहा यांच्या संपादकत्वाखालीं तो प्रसिद्ध केला. संकलन करणारी व्यक्ति ही वादांतील एक पक्षच आहे, हें अभ्यासकानें विसरतां कामा नये. परंतु ज्या पत्रांत आपलाच पराभव झालेला दिसतो तीं पत्रेंहि सिस्टरबाईंनीं नष्ट केलीं नाहींत. हा त्यांचा प्रामाणिकपणा नमूद करणें अवश्य आहे.

पूर्ववृत्त थोडक्यांत असें. रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, व पुढें तिनें तें मुलीस शिकविलें. तीर्थयात्रा व पुराणकथन यांवर निर्वाह करणारें हें कुटुंब १८७४ च्या दुष्काळांत उध्वस्त झालें. आईबाप एकामागून एक गेले. १८८० मध्यें बंधु श्रीनिवास वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं नोंदणी पद्धतीनें विवाह झाला, व ता. ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पतीहि पटकीनें गेले. पदरीं वर्षाची मनोरमा राहिली. तेवीस वर्षांच्या वयांत इतकीं माणसें गमावलेल्या या विदुषीचा पुराणोक्त धर्मावरील विश्वास पूर्वींच ढळला होता. सिल्चर येथें पतीच्या ग्रंथसंग्रहांत बंगालींतील लूकचें शुभवर्तमान हातीं लागलें, तेंच त्यांच्या ख्रिस्ती धर्माच्या ओळखीचें निमित्त झालें. पत्नीनें ख्रिस्ती व्हावें हें मात्र पतीस रुचलें नव्हतें.

१८८२ मध्यें बाई पुण्यास आल्या व तेथें वाँटेजच्या भगिनींशीं त्यांचा परिचय झाला. या संघाची शाखा पंचहौद मिशनमध्यें होती. १८९० च्या चहाप्रकरणामुळें हें नांव पुणेकरांच्या चांगलेंच ध्यानांत राहिलें आहे. १८८३ मध्यें बाई वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या. परंतु कानानें कमी ऐकूं येत असल्यामुळें तो मार्ग बंद झाला. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनीं तेथें विष घेऊन प्राणत्याग केला. आपणांस बळेंच ख्रिस्ती करतील अशा भीतीनें त्या बाईचें चित्त भ्रमलें होतें, असें मॅक्स मुल्लर यांनीं नमूद केलें आहे. या भयंकर प्रसंगानंतर थोड्याच दिवसांनीं, ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं, रमाबाईंनीं मनोरमेसह वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय कोणाच्या प्रभावानें झाला? स्वतः बाई याचें श्रेय मुख्यतः एका महाराष्ट्रीय पुरुषास देतात. नीलकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) हे काशींत वाढलेले चित्पावन ब्राह्मण. १८४८ मध्यें ते ख्रिस्ती झाले व नेहेम्या गोरे या नांवानें प्रसिद्धि पावले. षड्दर्शनांचें खंडन लिहिणारा हा पंडित स्वतः आयुष्यभर शंकांनीं पोळलेला होता. आधीं एका मिशनमध्यें राहून पुढें तो काउलीच्या संन्यस्त पंथाकडे वळला. गोऱ्यांनीं हिंदुस्थानांतून पाठविलेल्या लिखाणानें बाईंचें मन वळलें. म्हणजे वाँटेजच्या उपदेशानें जें साधलें नाहीं तें शंकेची वाट स्वतः तुडविलेल्या एका शास्त्र्यानें साधलें. ही गोष्ट लक्षांत ठेवली म्हणजे पुढील भांडणाचा उगम कळूं लागतो.

बाप्तिस्म्यानंतर बाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत गेल्या. तेथें त्या स्वतः शिकत, व संस्कृत शिकवीतहि. महाविद्यालयाच्या मुख्य डोरोथिआ बील यांच्या मनांत बाईंनीं पुरुष विद्यार्थ्यांसहि शिकवावें असें आलें. हें कळतांच मुंबईचे बिशप माइल्न व लाहोरचे बिशप फ्रेंच यांनीं हरकत घेतली. पुरुषांस शिकविणारी बाई हिंदुस्थानांत परत गेल्यावर लोकांच्या आदरास मुकेल, असें त्यांचें म्हणणें. बाईंस याचें नवल वाटलें. माझ्या पित्यास व पतीस ज्यांत कांहीं गैर दिसलें नाहीं, हिंदुस्थानांत पुरुषांच्या सभांतून मी व्याख्यानें देत असतां ज्याची कोणीं तक्रार केली नाहीं, तें इंग्लंडांत अनुचित कसें, अशा आशयाचें त्यांनीं उत्तर दिलें. हिंदुस्थानचा लोकाचार एका हिंदी पंडितेस समजावून सांगणारे दोन इंग्रज धर्माधिकारी, असा हा चमत्कारिक देखावा होता.

यानंतर लहानमोठे वाद निघतच गेले. भगिनींनीं बाईंस घालण्यास दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरें होतीं. जी भाषा मला व माझ्या देशबांधवांस कळत नाहीं ती मी गळ्यांत कां बाळगावी, आमची संस्कृत काय वाईट आहे, असा बाईंचा प्रश्न. बाई शाकाहारी होत्या व अंडें घातलेलें पक्वान्नहि खात नसत. सिस्टर जेराल्डाइन यांस यांत जातीचा अहंकार दिसला. बाईंस तो स्वतःच्या स्वातंत्र्याचा भाग वाटला. ख्रिस्ती होणें म्हणजे इंग्रज होणें नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. मनोरमेस कोणतें धर्मशिक्षण द्यावें यावरहि तंटा झाला. मुलीच्या कोवळ्या मनावर न समजणारे सिद्धांत लादूं नयेत असें आईचें मत, आणि बाप्तिस्म्यानें मूल चर्चचें झालें आहे अशी भगिनींची समजूत.

परंतु खरा वाद याहून खोल होता. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचें पूर्ण ईश्वरत्व व कुमारीच्या उदरीं जन्म यांविषयीं आपला निश्चय झालेला नाहीं, हें बाईंनीं उघड लिहिलें. चर्च जें शिकवितें तें नम्रपणें स्वीकारावें, समज पाठीमागून येईल, असें सिस्टरबाईंनीं बजावलें. ता. १२ मे १८८५ च्या पत्रांत बाईंनीं दिलेलें उत्तर प्रसिद्ध आहे. त्याचा भावार्थ असा कीं, भारतीय पुरोहितवर्गाचें जोखड मीं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें आहे. धर्मोपदेशकांच्या तोंडून आलेलें प्रत्येक वचन ईश्वराची आज्ञा म्हणून मानून तसलेंच दुसरें जोखड मी घेणार नाहीं.

येथें सिस्टर जेराल्डाइन यांची बाजूहि न्यायानें पाहिली पाहिजे. बाप्तिस्म्याच्या वेळीं प्रेषितांचा मतांगिकार उच्चारला जातो. तो उच्चारून घेतल्यावर दोन वर्षांच्या आंत त्यांतील कलमांवर शंका काढणें ही वचनच्युति आहे, असें एखाद्या निष्ठावंत जोगिणीस वाटलें तर तें अस्वाभाविक म्हणतां येत नाहीं. त्यांतून हिंदुस्थानांतील मिशनच्या अपेक्षा बाईंवर खिळल्या होत्या. पण सिस्टरबाईंचें एक चुकलें असें मला वाटतें. ज्या व्यक्तीचा पहिला धर्म आंधळ्या आज्ञापालनामुळें तुटला, तिला दुसरा धर्म आज्ञापालनानेंच चिकटेल असें त्या धरून चालल्या. मिस बील यांस हें उमगलें होतें. शंकेस वाव द्यावा, तत्त्वज्ञानांत मुरलेल्या बुद्धीशीं विचारानेंच बोलावें, असें त्यांचें धोरण होतें व बाईंचीं त्यांस लिहिलेलीं पत्रें अधिक शांत आहेत. विशेष हें कीं, इतका वाद होऊनहि बाई सिस्टरबाईंस ‘आजीबाई’ म्हणत राहिल्या व संबंध तुटूं दिला नाहीं.

इंग्लंडांत येऊन पाहतात तों ख्रिस्ती धर्माचे पंथच पंथ, प्रत्येकाचें प्रमाण निराळें, यामुळें आपण गोंधळून गेलों असें बाईंनीं पुढें १९०७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या साक्षींत कबूल केलें आहे. तेव्हां कोणत्याहि एका चर्चला सत्याची मिरासी देण्यास त्या तयार नव्हत्या. १८८६ च्या आरंभीं त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या कार्यासाठीं मंडळी स्थापन झाली. तिच्या प्रमुखांत युनिटेरियन पंथाचे एडवर्ड एव्हरेट हेल होते, तसेच एपिस्कोपल चर्चचे फिलिप्स ब्रुक्सहि होते. वाँटेजला पाखंड वाटणाऱ्या व वाँटेजला जवळच्या अशा दोन्ही प्रकारच्या माणसांनीं एका विधवागृहासाठीं हात मिळविले. ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन दोन विद्यार्थिनींनिशीं सुरू झालें, व १८९० च्या नोव्हेंबरांत तें पुण्यास आलें.

आतां बाईंच्या आंतरिक इतिहासांतील मुख्य घटना येते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचण्यांत आलें. हॅस्लम हा चर्चचा दीक्षित उपदेशक. तरी स्वतःचेंच प्रवचन करीत असतां त्याला अंतरींची खूण पटली, अशी त्याची हकीकत आहे. ती वाचून बाईंस कळलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला, परंतु ख्रिस्त सांपडला नव्हता. येथून त्यांच्या लिहिण्याचा स्वर पालटतो. ज्या सिद्धांतांवर १८८५ सालीं त्यांनीं शंका घेतल्या, ते त्या आतां मान्य करतात. बायबल हें त्यांचें अंतिम प्रमाण बनतें. केवळ बंडखोर रमाबाईंवर प्रेम करणाऱ्या आधुनिक लेखकांस हा पालट अडचणीचा वाटतो, व ते येथें लेखणी आखडती घेतात. पण वाँटेजचा शेवटीं विजय झाला असाहि याचा अर्थ नव्हे. सिद्धांत तेच असले तरी ते चर्चच्या आज्ञेनें आले नाहींत. बाईंनीं ते आपल्या वाटेनें व आपल्या वेळीं स्वीकारले.

या श्रद्धेची परीक्षा लगेच झाली. सदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं असा करार होता. बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत तेव्हां दार उघडें असे व कांहीं मुली येऊन बसत. केसरीनें या प्रकरणीं कडक टीका केली. १८९३ च्या ऑगस्टांत रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सल्लागार सभासदांनींहि संबंध सोडला, व अनेक पालकांनीं मुली परत नेल्या. बाई मिशनच्या हस्तक आहेत, हा पुण्यांतील समज या वेळीं पक्का झाला. ज्या बाईंनीं बिशपांच्या हुकुमास नकार दिला होता त्यांना बिशपांच्या हस्तक ठरविलें जावें, ही त्या काळाच्या वृत्तपत्रांची सदोष माहिती होय. मात्र करारांतील तटस्थतेचा अर्थ बाईंनीं फार सैल लावला, या रानड्यांच्या पक्षाच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. उघडें दार हें तटस्थ दार नसतें.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां बाई मध्यप्रांतांत गेल्या व शेंकडों अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. लहानपणीं त्याच मरणाशीं त्यांची गांठ पडली होती, हें वेगळें सांगावयास नको. पुण्यांत प्लेगचे निर्बंध होते. म्हणून केडगांवच्या जमिनीवर वसाहत उभी राहिली. १९०० च्या सुमारास तेथें जवळजवळ दोन हजार माणसें होतीं. ही वसाहत ख्रिस्ती होती, पण कोणत्याहि एका चर्चच्या ताब्यांत नव्हती. निरनिराळ्या पंथांचे सेवक तेथें काम करीत.

१९०५ मध्यें वेल्समधील संजीवनाची वार्ता आल्यावर केडगांवींहि तसेंच संजीवन झालें. मुली रडत, मोठ्यानें एकाच वेळीं प्रार्थना करीत, हात उंचावीत. कित्येक मिशनऱ्यांस हा प्रकार शिस्तीस सोडून वाटला. बाईंनीं मुलींचा पक्ष घेतला. पाश्चात्य उपासनेची ठराविक पद्धत हीच ईश्वराची पद्धत नव्हे, हिंदी माणसास आपल्या रीतीनें देवाची स्तुति करूं द्यावी, असें त्यांनीं प्रतिपादिलें. वीस वर्षांपूर्वीं लॅटिन अक्षरांच्या क्रुसावर त्यांनीं जो आक्षेप घेतला होता, तोच हा, आतां इतरांसाठीं.

शेवटच्या वर्षांत बाईंनीं बायबलचें मराठी भाषांतर करण्याचा ध्यास घेतला. त्यासाठीं त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर फार संस्कृतप्रचुर असून त्यांतील कित्येक शब्दांस हिंदु तत्त्वज्ञानाचा वास येतो, खेड्यांतील बाईस तें कळत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. क्रुसावर संस्कृत अक्षरें मागणाऱ्या पंडितेनें उतारवयांत आपल्या बायबलांतून संस्कृत शब्द वेंचून काढावेत, हें वाचकांस विसंगत वाटेल. परंतु १८८४ मध्यें लॅटिनला त्यांचा विरोध होता तो ती कळत नाहीं म्हणून; आणि केडगांवच्या मुलींस संस्कृतहि तितकीच परकी होती. ता. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. त्यानंतरहि बाई मुद्रितें तपाशीत होत्या. भाषांतराचें काम संपवून ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. मुक्तिसदनाच्या छापखान्यांत स्त्रियांनीं खिळे जुळविलेलें तें बायबल पूर्ण स्वरूपांत १९२४ मध्यें बाहेर पडलें.