रात्रशाळा ही मेहरबानी नव्हे

वय उलटलं की शिक्षण संपलं, असं म्हणणारे आपला इतिहास विसरतात. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभारलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावं म्हणून. शाळेनं राबणाऱ्याचं घड्याळ पाहावं, हा आपला जुना आग्रह आहे.

आज शीव-धारावीत दहावी राहून गेलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म दाखवला जातो. पण फॉर्म म्हणजे शाळा नव्हे! वर्ग, शिक्षक, अभ्यासाला जागा कुठे आहे? मित्रांनो, शासनाकडे रात्रशाळा हक्कानं मागा. आणि त्या मिळेपर्यंत आपल्या विहारात संध्याकाळचा वर्ग भरवा. जय भीम!