कुरतडलेली नखं, उसनी नखं आणि वजू

नखांच्या इतिहासात पुण्याचं एक नाव जगभर गाजलं आहे, ते म्हणजे श्रीधर चिल्लाळ. 1937 मध्ये पुण्यात जन्मलेल्या चिल्लाळांनी 1952 पासून डाव्या हाताची नखं कापली नाहीत. शाळेत त्यांच्या हातून एका शिक्षकांचं जपून वाढवलेलं नख चुकून मोडलं. शिक्षक रागावले, नख जपणं म्हणजे काय हे तुला कळायचं नाही असं म्हणाले. मुलाने ते मनाला लावून घेतलं. नोव्हेंबर 2014 मध्ये गिनेस बुकासाठी मोजणी झाली तेव्हा त्या पाच नखांची एकूण लांबी 909.6 सेंटिमीटर भरली. एकट्या अंगठ्याचं नख 197.8 सेंटिमीटरचं होतं. 66 वर्षांनी, 11 जुलै 2018 रोजी, न्यूयॉर्कमध्ये ती नखं कापून तिथल्या संग्रहालयात ठेवली गेली. विक्रम झाला, पण डावा हात कायमचा अधू झाला. बोटं धड उघडत नाहीत, धड मिटत नाहीत.

हे झालं एक टोक. दुसरं टोक आपल्या घराघरात असतं. अभ्यासाच्या पुस्तकावर, टीव्हीसमोर, फोनवर बोलताना बोट नकळत तोंडाकडे जातं. या लोकांना नखं कापावीच लागत नाहीत, कारण कापण्याइतकी ती कधी वाढतच नाहीत. नखाच्या कडेला नखुरडं होतं, बोट ठणकतं, नखातल्या घाणीबरोबर कृमींची अंडी पोटात जातात. तरी सवय सुटत नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. या म्हणीने सगळं बोलणंच संपतं, आणि ज्याची खोड आहे तो हात लपवायला शिकतो.

खोड मोडायचे जुने उपाय सगळे कडू किंवा तिखट होते. बोटांना कडुलिंबाचा रस, कारल्याचा रस, कोरफडीचा चीक, कुठे मिरचीची पूड. 1958 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका औषध कारखान्यात डिनॅटोनियम नावाचा पदार्थ सापडला. जगातल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. आज औषधाच्या दुकानात मिळणारा, नखांना लावायचा कडू द्राव बहुधा त्याचाच असतो. म्हणजे आजीचाच उपाय बाटलीत भरला गेला.

दुसरा उपाय मात्र वेगळ्या वाटेने आला, तो म्हणजे कृत्रिम नखं. आज ती तुळशीबागेत पाकिटात मिळतात आणि कॅम्पपासून कोंढव्यापर्यंत पार्लरमध्ये बसवून मिळतात, म्हणून आपण त्यांना नटण्याची वस्तू समजतो. सुरुवातीला ती तशी होतीही. चीनच्या छिंग दरबारातल्या स्त्रिया लांब नखांवर सोन्याचांदीची टोपणं घालत. या हातांना काम करावं लागत नाही, हे त्यातून दिसायचं. आधुनिक कृत्रिम नखाची कहाणी मात्र दंतवैद्यांपासून सुरू होते. 1934 मध्ये शिकागोचे दंतवैद्य मॅक्सवेल लॅपी यांनी नखं कुरतडणाऱ्यांसाठी चिकटवायची नखं तयार केली. पुढे 1950 च्या दशकात फ्रेड स्लॅक या दुसऱ्या अमेरिकी दंतवैद्याचं काम करताना नख मोडलं, तेव्हा त्यांनी दातांसाठी वापरायच्या अ‍ॅक्रिलिकचंच नख घडवलं. दोघांचा हेतू नटण्याचा नव्हता. एकाला खोड झाकायची होती, दुसऱ्याला मोडलेलं दुरुस्त करायचं होतं.

हा उपाय चालतो कसा? अ‍ॅक्रिलिकचं नख जाड आणि गुळगुळीत असतं, दाताला धरायला कड मिळत नाही. बोट तोंडात गेलं तरी हाती काही लागत नाही आणि माणूस भानावर येतो. तेवढ्या काळात खालचं खरं नख वाढतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत यायला सुमारे 6 महिने लागतात. म्हणजे दोन-तीन महिन्यांची आडकाठीसुद्धा पुष्कळ काम करते. धोके मात्र आहेत. काहींना अ‍ॅक्रिलिकची कायमची अ‍ॅलर्जी होते आणि पुढे दातांच्या उपचारातही ती आडवी येते. ओढून काढताना खरं नख सोलवटतं. त्याखाली जंतू साठतात, म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2002 मध्येच अतिदक्षता विभागासारख्या ठिकाणी रुग्णांना हाताळणाऱ्यांनी ती लावू नयेत असं सांगितलं. लहान मुलांना तर ती नकोच.

मुसलमान स्त्रीपुढे याशिवाय आणखी एक प्रश्न उभा राहतो. वजूचं पाणी नखापर्यंत पोचलं पाहिजे. वर घट्ट चिकटलेला थर असेल तर वजू होत नाही, गुस्लही होत नाही. पार्लरमध्ये बसवलेलं नख दोन-तीन आठवडे निघत नाही. म्हणजे ते ठेवलं तर नमाज अडते, आणि काढलं तर खोड परत येते. हा प्रश्न ती घरात विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं: फॅशनचं खूळ सोड.

आपली परंपरा खरं तर इतकी तुटक नाही. नखं कापणं हे हदीसमध्ये फितरतच्या, म्हणजे माणसाच्या निसर्गधर्माच्या गोष्टींत मोजलं आहे, आणि 40 दिवसांपेक्षा जास्त ती राहू देऊ नयेत असंही आलं आहे. 17 व्या शतकात औरंगजेबाच्या काळी संकलित झालेल्या फतावा-ए-आलमगिरीत मातीकाम करणारा, रंगारी आणि मेंदी लावलेली स्त्री यांच्या नखांचा विचार आहे, आणि या सगळ्यांचा वजू होतो असा निर्वाळा आहे. फकीहांनी कष्टकऱ्याची नखं पाहिली, त्याची अडचण समजून घेतली.

त्याहून बोलकी गोष्ट हजरत अरफजा यांची. इस्लामपूर्व काळातल्या कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. पुरुषाला सोनं वर्ज्य, तरी इथे ते चाललं, कारण ती सजावट नव्हती, गरज होती. जखमेवरच्या पट्टीवरून ओला हात फिरवून वजू करायची सवलतही याच विचारातली.

मग कृत्रिम नखाला तीच सवलत का नाही? कारण सवलत तेव्हा मिळते जेव्हा पट्टी काढल्याने इजा होते किंवा दुसरा मार्ग नसतो. इथे मार्ग आहेत. म्हणून हनफी असोत की कोकणातले शाफई, उलेमांचं सर्वसाधारण म्हणणं एकच आहे: वजूआधी काढा. 2012 च्या सुमारास पोलंडच्या एका कंपनीच्या ‘श्वास घेणाऱ्या’ नेलपॉलिशमधून पाणी जातं अशी बातमी पसरली आणि जगभरच्या मुस्लिम स्त्रियांनी ते घेतलं. पाणी खरंच पोचतं का, यावर उलेमांचं एकमत झालं नाही. पण त्या गर्दीतून गरज किती आहे ते दिसलं.

मार्ग कोणता? चिकटपट्टीवर बसणारी, सहज निघणारी नखं मिळतात. खोड चोवीस तास नसते, तिच्या वेळा असतात. परीक्षेचा अभ्यास, रात्रीचा टीव्ही, लांबचा प्रवास. इशाच्या नमाजेनंतर नखं लावली आणि फजरच्या वजूआधी कोमट पाण्याने सोडवली, तर नमाजही राहते आणि बोटंही.

नख ही नुसती आडभिंत आहे, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. भिंत काढली की हात जुन्या वाटेने जातो. 1973 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेथन अ‍ॅझरिन आणि ग्रेगरी नन यांनी सवय उलटवण्याची पद्धत मांडली. तिचा गाभा साधा आहे. आधी हात केव्हा आणि कशाने तोंडाकडे जातो ते ओळखायचं. मग त्याच क्षणी हाताला दुसरं काम द्यायचं, मूठ वळायची किंवा एखादी वस्तू धरायची, आणि लहर ओसरेपर्यंत तसंच राहायचं. आजही उपचारात ही पद्धत वापरतात. खोड फार बळावली, बोटं रक्ताळू लागली, तर ते मानसोपचाराचं काम आहे. त्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही.

आपल्या घरात या कामाची साधनं आधीच आहेत. दिवसातून पाच वेळा आपण बोटं पाण्याखाली धरतो, तेव्हा ती नीट पाहायची. आणि खिशातली तसबीह हाताला काम द्यायला पुरेशी आहे. तसबीह औषध म्हणून आलेली नाही, पण मण्यांवर फिरणारं बोट दातांखाली जात नाही.

चिल्लाळांना नख वाढवायला भाग पाडलं ते शिक्षकांच्या एका टोमण्याने. कुरतडणाऱ्या मुलीला आपण काय बोलतो, याचाही असाच परिणाम तिच्या हातावर होतो. खूळ सोड म्हणण्याआधी तिला एवढंच विचारावं, हात तोंडाकडे जातो तेव्हा मनात काय चाललेलं असतं?