भाकर आणि पोळी : दुसरबीड परिसरातील एका अन्नपालटाचा विचार

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात, मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या मार्गावर दुसरबीड हे गाव आहे. या परिसरात आज गव्हाची मऊ पोळी घरोघरी नित्याची झाली आहे. पूर्वी वऱ्हाडातील सामान्य कुटुंबाचे रोजचे अन्न ज्वारीची भाकर हे होते. पोळी सणासुदीची आणि पाहुण्यांची. हा पालट केवळ रुची बदलल्यामुळे घडला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत ग्राह्य आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

गव्हाची पोळी महाराष्ट्राला नवी नव्हे. चालुक्यनृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मंडक व पोलिका ही पक्वान्ने आली आहेत. मंडक तापलेल्या खापरावर भाजले जात. खानदेशात उपड्या खापरावर होणारे मांडे त्याच परंपरेतील होत. परंतु हा ग्रंथ राजभोगाचे वर्णन करतो, शेतकऱ्याच्या चुलीचे नव्हे.

दोन्ही अन्नांचा मऊपणा भिन्न कारणांनी येतो. गव्हाच्या कणकेत पाणी मिसळून ती मळली असता ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. तेलाचा हात लावून तिंबलेली कणीक झाकून ठेवल्यास ते सैल पडते आणि पोळी न फाटता पातळ लाटता येते. घडीत तेल लावल्याने पदर सुटतात. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिच्या पिठाला आधणाच्या पाण्याने चिकटपणा आणावा लागतो व भाकर हाताने थापावी लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकर चिरते. म्हणून जात्यावरचे ताजे पीठ व स्त्रियांचे पहाटेचे श्रम यांवर भाकरीचा मऊपणा अवलंबून होता.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला भाव आला, आणि १८६७ साली वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. कापूस वाढला, तरी ज्वारी टिकली. कारण माणसांना धान्य आणि कापसाची शेती करणाऱ्या बैलांना कडबा ती एकटीच पुरवीत असे. गव्हाला मात्र ओल धरणारी भारी काळी जमीन किंवा विहिरीचे पाणी लागे.

निर्णायक बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १९५६ च्या करारान्वये अमेरिकेचा गहू शिधावाटप दुकानांतून येऊ लागला. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणण्यात आले. त्यातील दाणा तांबूस असल्याने पोळीसाठी तो लोकांना रुचेना. म्हणून सोनोरा-६४ या वाणापासून पिवळसर दाण्याचा ‘शरबती सोनोरा’ दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार करण्यात आला. येथे रुचीचा प्रभाव खरोखर दिसतो; मात्र तो गहू उपलब्ध झाल्यानंतरचा आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी लोकांच्या स्मरणात राहिली, ती नावडीमुळेच. पुढे पावसात काळ्या पडणाऱ्या खरीप ज्वारीची जागा विदर्भात सोयाबीनने घेतली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये किलो दराने देण्याची तरतूद झाली आणि २०२३ पासून तो विनामूल्य मिळू लागला.

यावरून असे म्हणता येते की पोळी आधी दुकानातून आणि शेतातून आली, जिभेने तिला नंतर स्वीकारले. या पालटाने स्त्रियांच्या श्रमांचा काही भार हलका केला, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याअभावी गोठा राखणे कठीण झाले, आणि थापण्याचे हस्तकौशल्य पुढील पिढीकडे पोहोचेनासे झाले. एके काळी पोळी पाहुण्यांसाठी राखून ठेवली जात असे. आता चुलीवरची भाकर ढाब्यावर हौसेने मागितली जाते. अन्नाची प्रतिष्ठा त्याच्या गुणांइतकीच त्याच्या दुर्मिळतेवर ठरते, हेच या उलटापालटीतून दिसून येते.