कचेरीतील एकटा माणूस आणि मालकाचे उत्तरदायित्व

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाघोली हे गाव लागते. वाघेश्वराचे देवालय आणि पिलाजी जाधवरावांची समाधी यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस ते परिचित आहे. २०२१ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि आज तेथे गोदामे, उंच इमारती व लहानमोठ्या कचेऱ्या यांची दाटी झाली आहे. परंतु हे केवळ एक खेडे होते त्या काळी अशा गावांच्या राखणीची जी रीत होती, ती प्रथम ध्यानी घेण्याजोगी आहे. एल्फिन्स्टन याने १८१९ साली पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलुखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात तिचे वर्णन आढळते. गावात चोरी झाली तर राखणदाराने चोराचा माग काढीत तो शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवावयाचा. ते न साधले तर नुकसानीची भरपाई करून देण्याचा प्रसंग येई. ही रीत कित्येकदा त्या गरिबावर जुलूम करणारी होती, यात संशय नाही. तथापि राखण कोणाची आणि चुकल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे गावातील पोरासोरांनाही ठाऊक असे.

मात्र ही सारी तजवीज मालमत्तेसाठी होती. पुढे इंग्रजी अमलात सरकारी खजिन्याला दोन कुलपे आणि दोन किल्ल्या आल्या. एक किल्ली अधिकाऱ्यापाशी आणि दुसरी खजिनदारापाशी. पैशापाशी एकटा माणूस असू नये, हे व्यवहारी जगाला फार लवकर उमगले. माणसापाशी दुसरा माणूस असावा, हे उमगण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

ते प्रथम उमगले कारखान्यात. १८८१ व १८९१ सालच्या कारखान्यांच्या कायद्यांनी मुलांचे व स्त्रियांचे तास मर्यादित केले. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. काम करीत असता व कामामुळे अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व त्याने आणले. पण या सर्वांहून बोलके कलम होते ते १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातील छत्तिसावे. विषारी वायूचा धोका असलेल्या टाकीत किंवा भुयारात, हवा निर्धोक असल्याचा लेखी दाखला नसेल तर, माणसाने श्वसनाचे साधन लावून उतरावे आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे, असे त्यात म्हटले होते. आत जाणारा एक आणि दोर धरणारा एक; एवढी साधी ही कल्पना. वाघोलीतच ऑक्टोबर २०२२ मध्ये एका गृहसंस्थेची मैल्याची टाकी साफ करण्यास उतरलेले तीन मजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा ही कल्पना कागदावर येऊन चौऱ्याहत्तर वर्षे लोटली होती.

कचेरीच्या वाट्याला असा दोर कधी आलाच नाही. कारण उघड आहे. कचेरी म्हणजे मेज, खुर्ची, दौत आणि कागद. तेथे यंत्राचा पट्टा नाही, बाष्पपात्र नाही, मग धोका तो कसला? शिवाय जुन्या कचेरीत एकांत असा नसेच. दहा कारकून, दोन शिपाई, एक हेडक्लार्क, दाराशी चहावाला. दिवस मावळला की कुलूप लागे. १९४८ साली मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापने यांचा कायदा केला. त्याने कामाच्या वेळा ठरविल्या, साप्ताहिक सुट्टी ठरविली, रात्री उशिरा स्त्रियांस कामावर ठेवण्यास मनाई केली. कायद्याचा सगळा भर घड्याळावर होता. कचेरी वेळेवर बंद झाली की माणूस सुरक्षित, असे त्यात गृहीत होते; आणि त्या काळी ते फारसे चुकीचेही नव्हते.

याला पहिला मोठा धक्का बसला तो कचेरीत नव्हे, रुग्णालयात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग ही परिचारिका काम संपवून तळघरात कपडे बदलण्यास गेली असता तेथीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर पाशवी हल्ला केला. त्यानंतर ती बेचाळीस वर्षे अंथरुणास खिळून राहिली आणि १८ मे २०१५ रोजी वारली. तिच्यावरील हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप पुकारला. तिची नीट व्यवस्था व्हावी आणि आपल्या कामाच्या जागा निर्धोक व्हाव्यात, ही त्यांची मागणी होती. पुढे या प्रकरणाची चर्चा दयामरणाच्या प्रश्नावर केंद्रित झाली आणि परिचारिकांचा मूळ प्रश्न बाजूला पडला. तळघरात एकट्या जाणाऱ्या परिचारिकेची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न होता.

नंतर संगणकाचे युग आले. परदेशच्या घड्याळाबरोबर चालणाऱ्या कचेऱ्या हिंजवडी व खराडी येथे उभ्या राहिल्या, आणि या धंद्याला वेळेच्या बंधनातून सवलती मिळाल्या. १९४८ च्या कायद्याने घातलेले कुलूप उघडले गेले; त्याच्या जागी दुसरे काय लावावयाचे, याचा विचार मात्र मागाहून, आणि तोही एकेका बळीनंतर झाला. डिसेंबर २००५ मध्ये बंगळूर येथे रात्रपाळीस निघालेल्या एका तरुणीचा खून झाला. त्या वेळी कंपनीच्या प्रमुखावरच दुकाने-कायद्याखाली खटला भरण्यात आला आणि तो रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली नकार दिला. परंतु त्या कलमाखाली होणारी शिक्षा केवळ दंडाची होती. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात कंपनीच्याच गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने गहुंजे येथे एका तरुणीचा जीव घेतला. ७ ऑक्टोबर २००९ रोजी वाघोलीच्या शेजारच्या खराडीत काम संपवून घरी निघालेल्या संगणक अभियंतेला गाडीत घालून पळविण्यात आले व तिची हत्या झाली. या खटल्याचा निकाल लागावयास २०१७ साल उजाडले.

आणि त्याच वर्षी, २९ जानेवारीस, ती घटना घडली जी प्रस्तुत विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. दिवस रविवारचा होता. हिंजवडी येथील इन्फोसिस कंपनीच्या इमारतीत एक तरुण अभियंता तातडीच्या कामासाठी एकटीच आली होती. तिचे सहकारी होते, पण ते बंगळुरात, संगणकाच्या पडद्यापलीकडे. सायंकाळी ती उत्तर देईना, तेव्हा वरिष्ठांनी दूरध्वनी केले, मग पहारेकऱ्यांस पाहावयास सांगितले. तेव्हा तिचा मृतदेह आढळला. खुनाच्या आरोपाखाली पकडला गेला तो त्या इमारतीच्या राखणीवर नेमलेला एक पहारेकरी होता.

या घटनेकडे केवळ गुन्हा म्हणून पाहिले तर तिचे अर्धे महत्त्व निसटते. दाराशी पहारा होता, ओळखपत्रे होती. नव्हते ते हे, की सुट्टीच्या दिवशी या मजल्यावर एक माणूस एकटा आहे याची नोंद घेऊन ठराविक वेळाने त्याची विचारपूस करण्याचे काम एका विशिष्ट व्यक्तीकडे सोपविलेले असावे. बंगळूरच्या सहकाऱ्यांना काळजी वाटली ती आपुलकीने, व्यवस्थेने नव्हे. पहारेकऱ्याची पूर्वचौकशी करण्याचे बंधन खाजगी सुरक्षा संस्थांवर २००५ च्या कायद्याने आधीच घातलेले होते. पण राखणदाराची राखण कोणी करावयाची, हे कोणत्याच कायद्यात सांगितलेले नव्हते.

विलायतेतही हा धडा एका तरुणीच्या बेपत्ता होण्यानेच मिळाला. २८ जुलै १९८६ रोजी सुझी लॅम्प्लू ही घरविक्रीच्या कचेरीतील कर्मचारी लंडनच्या फुलम भागात गिऱ्हाइकाला घर दाखवावयास एकटी गेली, ती परतलीच नाही. वहीत गिऱ्हाइकाचे नाव होते, पण ते खरे की खोटे हे कोणी पडताळले नव्हते. तिच्या आईने त्याच वर्षी संस्था काढून एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कार्य आरंभिले. तेथील १९७४ चा कायदा एकट्याने काम करण्यास सरसकट मनाई करीत नाही. पण धोका आधी ओळखून उपाय योजण्याचा भार मालकावर टाकतो, नोकरावर नव्हे.

आपल्याकडेही २०१३ च्या कायद्याने स्त्रियांना कामाच्या जागी निर्धोक वातावरण देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. त्यात बाहेरून येणाऱ्यांपासूनचे संरक्षण आणि मालकाने पुरविलेले वाहनही अंतर्भूत केले, ही गोष्ट मोठी खरी. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने-कायदा डिसेंबरात अमलात आला. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीने काम करावयाचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची व ने-आणीची व्यवस्था मालकाने करावी, असे त्याने ठरविले. परंतु रविवारी दुपारी चार वाजता ओस इमारतीत बसलेली स्त्री या घड्याळात बसत नाही; आणि पुरुषाचा तर यात विचारच नाही. ९ मे २०१९ रोजी उरुळी देवाची येथे साडीच्या दुकानास पहाटे आग लागली, तेव्हा आत झोपलेले पाच नोकर दाराला बाहेरून कुलूप असल्यामुळे मरण पावले. ते एकटे नव्हते, पण बाहेरून दार उघडणारा कोणी जवळ नव्हता. छातीत कळ येऊन खुर्चीतच कोसळणाऱ्या हिशेबनिसाची गत याहून वेगळी ती काय?

२०१७ च्या या कायद्याने दहांहून कमी माणसांच्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून मोकळे ठेवले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेनेही, काही अपवाद सोडल्यास, दहा कामगारांचीच रेघ ओढली आहे. लहान धंद्यावर कागदपत्रांचे ओझे नको, हा हेतू समजण्याजोगा आहे. पण माणूस एकटा पडतो तो बहुधा अशाच ठिकाणी. वाघोलीच्या रस्त्याने गेले असता वजनकाट्याची खोली, गोदामाच्या तोंडाशी असलेली कारकुनाची खोली, नव्या इमारतीच्या घरविक्रीची कचेरी, डॉक्टरांच्या दवाखान्यात नावे लिहून घेणारी मुलगी, अशी कितीतरी ठिकाणे दिसतात. तेथे कामावर माणसे दोनच. त्यांतले एक जेवावयास अगर बँकेत गेले की दुसरे एकटे. तेथे पाळीचा तक्ता नाही, पहारेकरी नाही, आणि संध्याकाळी कुलूप कोणी लावले हे मालकाला दुसऱ्या दिवशी कळते.