‘इझन्ट शी ग्रेट’ : खपाचे विक्रम करणाऱ्या लेखिकेवरचा विनोदी चित्रपट का आपटला?

१९६६ साली आलेल्या ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ या कादंबरीवर अमेरिकेतल्या समीक्षकांनी नाकं मुरडली. वाचकांनी मात्र ती डोक्यावर घेतली आणि लेखिका जॅकलीन सुसान स्टार झाल्या.

२००० साली त्यांच्यावर ‘इझन्ट शी ग्रेट’ हा विनोदी चरित्रपट आला. दिग्दर्शन अँड्र्यू बर्गमन यांचं. सुसान यांच्या भूमिकेत बेट मिडलर, तर पती आयर्विंग मॅन्सफील्ड यांच्या भूमिकेत नेथन लेन. कथेला आधार होता संपादक मायकल कोर्डा यांच्या ‘न्यू यॉर्कर’मधल्या लेखाचा.

मग बिनसलं कुठे?

प्रसिद्ध समीक्षक रॉजर इबर्ट यांनी चित्रपटाला चारपैकी एकच स्टार दिला. सेक्स, गोळ्यांचं व्यसन आणि शो बिझनेसवर बिनधास्त लिहिणारी बाई पडद्यावर जेमतेम खट्याळ दिसते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

दुसरी अडचण सुराची. सुसान यांचा मुलगा ऑटिस्टिक होता. १९६२ साली त्यांना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं, पण आजार लपवून त्या पुस्तकांचा प्रचार करत फिरल्या. १९७४ साली, ५६व्या वर्षी त्यांचं निधन झालं. चित्रपटात हे दुःख येतं, पण आजूबाजूच्या हलक्याफुलक्या विनोदात मिसळत नाही.

मिडलर यांना ‘सर्वांत वाईट अभिनेत्री’साठी रॅझी नामांकन मिळालं. सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर खर्चून अमेरिकेत कमाई झाली जेमतेम ३० लाख डॉलर.

टीका कादंबरीवरही झाली होती, पण तिला वाचकांनी तारलं. चित्रपटाला तारायला प्रेक्षकच आले नाहीत.